बोटांनी उघडलेलं कुलूप

१

गुरुजींचं शेवटचं आख्यान नाहीसं झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी ताई त्यातलंच एक कडवं पुन्हा पुन्हा ऐकत होती, म्हणजे तोवर ते होतं. सुट्टी संपवून ती जागेवर आली, स्क्रीनचं कुलूप उघडलं, आणि फोल्डर असायचा तिथे नुसता निळा पडदा. आधी तिला वाटलं, आपणच कुठेतरी सरकवला असेल. मग सगळ्यांच्या सामाईक डिस्कवर पाहिलं. तिथेही नाही. रेकॉर्डिंगही नाही आणि तिने पुस्तकासाठी शब्दन् शब्द ऐकून टाईप केलेलं लिखाणही नाही.

"मालकीणबाई, जरा येता का?" ती केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली. आवाजच असा होता की बोलावलं एकीला आणि उठले सगळे.

गुरुजींनी उभा जन्म कीर्तन केलेलं. एक कथा घ्यायची, तिच्यात चार पदं ओवायची, मध्येच पहिल्या रांगेतल्या कुणाची तरी फिरकी घ्यायची, आणि माणसं हसत असतानाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं. घशावर शस्त्रक्रिया ठरली तेव्हा ते या स्टुडिओत आले, आणि एक आख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन ठेवलं. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, गळा गेला. आता ते कुजबुजतात. त्यांचा आवाज या जगात उरला होता तो त्या एका फोल्डरमध्ये.

"प्रत असेल ना?" मालकीणबाईंनी काचेच्या खोलीकडे पाहिलं. तिथे बसणाऱ्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. प्रती ठेवायचं काम त्याचं.

"प्रतींची डिस्क दुरुस्तीला दिलीय," कानसेन खाली बघत म्हणाला. "परवाच तुम्हाला सांगितलं होतं."

मालकीणबाईंचे दीर, म्हणजे कार्यालयाचे भाऊजी, तोवर ताईच्या कॉम्प्युटरमधली नोंद वाचू लागले होते. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "पुसलंय ते इथूनच. ताईच्याच नावाने, सुट्टीतच. कुलूप पहिल्या फटक्यात उघडलंय. चुकीचा पासवर्ड एकदाही पडलेला नाही."

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"मला," ताई म्हणाली.

"आणि मला," भाऊजी म्हणाले. "सगळ्यांना पासवर्ड मीच देतो. पण सुट्टीत मी खुर्चीत डुलकी काढत होतो."

"कोणी पाहिलं?"

"वहिनी, डुलकी काय साक्षीदार बोलावून काढतात?"

कोणी हसलं नाही. आदल्याच दिवशी मालकीणबाईंनी ताईला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की तुझा वेग असाच राहिला तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. आता प्रत्येकाला तेच आठवत होतं आणि कोणीच ते बोलत नव्हतं.

"उद्या दुपारी गुरुजी येणार आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांना मी काय तोंड दाखवू ते बघते. तू घरी जा."

"उद्या येऊ ना?"

मालकीणबाईंनी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

२

ताईच्या आत्याने आयुष्यभर एका वेधशाळेत युनिक्स प्रणालीच्या घराण्यातले कॉम्प्युटर सांभाळले होते, स्टुडिओतले होते तसलेच. वाऱ्याचे आणि ढगांचे आकडे त्यांच्यात जायचे, आणि आत्याच्या परवानगीशिवाय त्यातला एकही हलायचा नाही. निवृत्तीनंतर तिला घरातल्या कुरबुरींपलीकडे कोडं मिळत नव्हतं. ताईने सगळं सांगून संपवलं तेव्हा ती भाजी निवडायची थांबली होती.

"एक विचारते, राग मानू नकोस. तूच पुसलंस का?"

"आत्या, तू सुद्धा?"

"विचारून घेतलं की मागे शंका राहत नाही. पुढे बोल. कोणाशी भांडण?"

"कोणाशीच नाही. स्वल्पविराम जरा तिरका बोलतो, पण तो सगळ्यांशीच."

"हा कोण?"

"आमचा भाषांतरकार. प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबतो, म्हणून. हे आख्यान त्याला हवं होतं, मला मिळालं." ताईने उजवा हात मांडीवर ठेवला. जिन्यावरून पडल्यापासून त्या हाताची बोटं हलायची, पण त्यांच्यात जोर राहिला नव्हता. "आत्या, मला इथून काढलं तर दुसरीकडे कोण घेईल? हा हात बघूनच दार लावतील. आणि वर गुरुजींचा आवाज पुसणारी म्हणून नाव होईल ते वेगळंच."

आत्याने भाजीचं ताट बाजूला सारलं. "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"मालकीणबाई आत घेणार नाहीत."

"घेतील. म्हाताऱ्या बाईला जिन्यावरून परत पाठवायला फार मोठं धैर्य लागतं."

३

सकाळी खालच्या रंगाच्या दुकानाचं शटर उघडत होतं तेव्हाच दोघी वर पोचल्या. मालकीणबाईंनी आत्याला पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"पोलिसात मी गेलेली नाही, तुमच्या भाचीचाच विचार करून. आता तुम्ही काय करणार?"

"बसेन, बघेन, चार माणसांशी बोलेन. दुपारपर्यंत काही निघालं नाही तर तुम्ही म्हणाल ते खरं. गुरुजींसमोर मी स्वतः हिला उभी करीन." आत्याने पदर खोचला. "बाई, मी त्यांचं कीर्तन ऐकून रडलेय. हिने जर ते पुसलं असेल, तर तुमच्याआधी मी हिला घराबाहेर काढीन."

मालकीणबाई दारातून बाजूला झाल्या. "चहा घेणार?"

"नंतर. आधी कॉम्प्युटर."

ताईने कुलूप उघडून दिलं आणि खुर्ची सोडली. आत्या बसली. तिने कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि सवयीने एक साधी आज्ञा टाईप केली.

पडद्यावर काहीच्या काही उमटलं.

तिने ते खोडलं, चष्मा पुसला, एकेका बटणाकडे बघत पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. डावीकडचं बटण दाबावं तर उजवीकडचं अक्षर येत होतं. आत्याने सावकाश मान वळवली. ताई भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"पोरी," आत्या हळूच म्हणाली, "या कीबोर्डला काय केलंयस?"

४

ताईने केबिनचं दार बंद आहे ना ते पाहिलं, आणि मग कुजबुजत सांगितलं.

मराठी कीबोर्डवर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला असतात, व्यंजनं उजव्या हाताला. उजवा हात अधू झाल्यावर व्यंजनांचं ओझं त्याला झेपेना. एक शब्द लिहिला की बोटं दुखायला लागायची. मग घरी बसल्या बसल्या ती शिकली, की या प्रणालीत कोणत्या बटणाने काय उमटायचं ते आपल्याला ठरवता येतं. छोटीशी फाईल लिहायची, एक जुनी आज्ञा ती फाईल लॉगिन होताच लागू करते. तिने सगळा कीबोर्ड उलटवला होता. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे, आरशात दिसावं तसा. वरची आकड्यांची रांगसुद्धा. एकच्या बटणावर शून्य, दोनच्या बटणावर नऊ. बटणांवरची छापील अक्षरं मात्र तशीच होती.

"कोणालाच सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिला साधा कीबोर्डही चालत नाही. या टेबलावर दुसरं कोणी बसत नाही, मग कळणार कोणाला?"

आत्याचे डोळे चमकायला लागले होते. "कुलूप पुन्हा लाव. आणि भाऊजींना बोलाव. एकट्यांना."

भाऊजी आले ते कपाळावर हात मारतच. "आता माझी उलटतपासणी?"

"छे, मदत करा. हे कुलूप जरा उघडून द्या. पासवर्ड तुम्हाला पाठ आहे ना?"

"पाठ काय, मीच दिलाय. चार, एक, सहा, नऊ, शून्य, तीन." भाऊजींनी एका बोटाने टकटक करत आकडे दाबले. चुकीचा पासवर्ड. ते खाकरले, पुन्हा दाबले. चुकीचा पासवर्ड. तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत दाबला, जणू कॉम्प्युटरला कमी ऐकू येत होतं.

"मीच दिलेला पासवर्ड मलाच ओळख दाखवत नाही," ते लाल होत म्हणाले. "ताई, बदललास का तू?"

"बदललेला नाही," आत्या म्हणाली. "भाऊजी, हे जे तुम्हाला जमलं नाही ना, ते बाहेर कोणाला सांगू नका. तुमच्या फायद्याचं आहे."

ते गेल्यावर ताईने विचारलं, "म्हणजे ते सुटले?"

"अजून नाही. मुद्दाम चुकता येतं. मला दुसरीकडून पुरावा पाहिजे." आत्याने तेवढ्यापुरता कीबोर्ड सरळ करून घेतला आणि लॉगिनच्या जुन्या नोंदी उघडल्या. ओळींमागून ओळी वर सरकत गेल्या. मग एके ठिकाणी तिचं बोट थांबलं. "मागच्या आठवड्यात वीज गेली होती?"

"हो, सकाळी. सगळे कॉम्प्युटर नव्याने सुरू झाले. मी नव्हते, हाताच्या डॉक्टरांकडे गेले होते."

"मग तू नसताना इथे कोणीतरी लॉगिन करायला बघत होतं. जमलं नाही. पण घाईत त्याने एक घोटाळा केला. नव्याने सुरू झालेला कॉम्प्युटर आधी नाव विचारतो, पासवर्ड नंतर. याने नावाच्या जागीच पासवर्ड टाकला. पासवर्ड कुठे लिहून ठेवत नाहीत, पण चुकीचं नाव मात्र नोंदवून ठेवतात. वाच."

ताईने वाकून वाचलं. सात, शून्य, पाच, दोन, एक, आठ.

"हा माझा पासवर्ड नाही," ती म्हणाली.

"नाही ना?" आत्या खुर्चीत मागे रेलली, आणि त्या खोलीत कालपासून पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. "मग आता तू तुझा पासवर्ड दाब, आणि बोटं कुठे पडतात ते बघ."

५

ताईने उलटा कीबोर्ड पुन्हा लागू केला, कुलूप लावलं आणि चार-एक-सहा-नऊ-शून्य-तीन दाबले. चारसाठी तिचं बोट सातच्या बटणावर पडलं. एकसाठी शून्याच्या. सहासाठी पाचच्या. मग दोन, एक, आठ.

तिने तोंडावर हात ठेवला.

"तुझा उलटा कीबोर्ड तू लॉगिन केल्यावर जागा होतो," आत्या म्हणाली. "आत असताना कुलूप लावलंस, तर त्या कुलपालाही तोच लागू. पण वीज जाऊन आल्यावर लॉगिनचा जो पहिला पडदा येतो, त्याला तुझ्या फाईलचा पत्ताच नसतो. तिथे सातचं बटण म्हणजे सातच. आता सांग, त्या दिवशी इथे बसलेल्याला काय माहीत होतं?"

"माझी बोटं," ताई हळूच म्हणाली. "आकडे नाही. फक्त बोटं."

"बरोबर. ज्याला आकडे माहीत, त्याने पहिल्या पडद्यावर चार-एक-सहा टाकलं असतं आणि आत गेला असता. आणि काल कुलपापाशी अडला असता, आपले भाऊजी अडले तसा. इथे सगळं उलट घडलंय. पहिल्या पडद्यावर अडला, काल कुलपातून सरळ आत गेला. त्याने तुझे हात पाहून पाहून पाठ केलेत. आता एवढंच शोधायचं, की तुझे हात दिसतात कोणाला."

आत्या उठली आणि प्रत्येकाच्या खुर्चीत बसून आली. गुडघे दुखतात ही सबब तिला फार कामाची होती.

मालकीणबाईंच्या केबिनमधून ताईची फक्त पाठ दिसत होती. मग आत्या स्वल्पविरामकडे गेली. समोरासमोर टेबलं, मध्ये कॉम्प्युटरचे दोन मोठे पडदे.

"तुम्ही, माझ्यावर, संशय घेताय," तो म्हणाला.

"घ्यायला नको?"

"घ्या की. मी, खरं सांगायचं तर, जळतो तिच्यावर. ते आख्यान, मला हवं होतं." त्याने पेन खाली ठेवलं. "पण ती, गुरुजींची मध्येच घेतलेली श्वासाची जागासुद्धा, लिहिते. मला, ते जमलं नसतं. हे तिला, सांगू नका."

आत्या त्याच्या खुर्चीत बसली. पडद्यांच्या फटीतून ताईचं कपाळ दिसत होतं आणि कपाळाखाली काही नाही.

काचेची खोली तीन पायऱ्या उंचावर होती. कानसेनने लगबगीने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं.

"बसा, आत्याबाई. काल रात्री मला झोप नाही. ताईने केलं असेल असं मी मेलो तरी म्हणणार नाही. काम करताना बघा तिला. उजवा नुसता टेकलेला असतो, डावा नाचतो. असा ताल तुम्हाला मोठमोठ्या वादकांकडे मिळणार नाही."

"तुम्ही गुरुजींचे जुने श्रोते वाटतं?"

"लहानपणापासून. त्यांचं गाणं सुरू झालं की माझे डोळे मिटतात, मग मी कुठे असतो मलाच कळत नाही."

"आणि ती प्रतींची डिस्क? दुरुस्तीहून कधी येणार?"

"येईल," तो म्हणाला, आणि हेडफोनची वायर उगाचच गुंडाळायला लागला.

आत्याने काचेतून खाली पाहिलं. ताईचा कीबोर्ड तिथून ताटासारखा उघडा दिसत होता. दोन्ही हातांसकट.

६

"दिसतं म्हणून केलं असं होत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. आत्याने त्यांना एकटीला सगळं सांगितलं होतं. "तो माणूस माझ्याकडे स्टुडिओ उघडल्यापासून आहे. त्यानेच ते रेकॉर्ड केलंय. स्वतःचंच काम कोण पुसेल?"

"त्याचं उत्तर मला अजून माहीत नाही. पण बोटं कोणाची, ते दाखवता येईल. तुम्ही मला फक्त एक खोटं बोलू द्या."

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी आत्या खोलीच्या मध्यभागी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाई, आनंदाची गोष्ट आहे. पुसलेला फोल्डर या कॉम्प्युटरच्या पोटात अजून जिवंत आहे. वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर अख्खा परत येतो. माझ्या ओळखीचा माणूस जेवण झाल्यावर येतोय. तोवर कुलूप लावून ठेवते, कोणी हात लावू नका."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. भाऊजींनी तर टाळी वाजवली.

माणूस कोणी येणार नव्हता. सगळे बघत असताना आत्या टेबलाखाली वाकली, पडलेला चष्मा उचलायला. वाकली तशी तिने कीबोर्डची वायर काढली आणि परत लावली. एवढंच. वायर काढून लावली की कॉम्प्युटरला वाटतं, नवाच कीबोर्ड आला, आणि त्याला तो छापलंय तसंच वागवतो. ताईचा आरसा विरघळून गेला. आता त्या कुलपावर सात म्हणजे सात होता आणि चार म्हणजे चार. आकडे माहीत असलेला माणूस आत गेला असता, आणि बोटं माहीत असलेला बाहेर राहिला असता.

सुट्टी झाली. माणसं जिन्याने उतरली, पावलांचा आवाज विरला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली.

काचेच्या खोलीत दिवा बंद होता. तिथे, कानसेनच्याच खुर्चीमागे, आत्या आणि मालकीणबाई अंधारात उभ्या होत्या.

"कोणी येणार नाही," मालकीणबाई पुटपुटल्या. कोणी येऊ नये असंच त्यांना वाटत होतं.

दाराची कडी हलली.

७

कानसेन आत आला. त्याने एकदा मागे पाहिलं आणि थेट ताईच्या खुर्चीत बसला. कीबोर्डकडे त्याने नजरसुद्धा टाकली नाही. हात टेकवले, बोटं चालली. सात, शून्य, पाच, दोन, एक, आठ. वरून प्रत्येक बोट स्पष्ट दिसत होतं.

कुलूप उघडलं नाही.

त्याने पुन्हा तेच दाबलं, जरा सावकाश. मग पुन्हा, जरा जोरात. त्याने स्वतःच्या बोटांकडे असं पाहिलं, जसं भर सभेत बेसूर झालेल्या गवयाने तंबोऱ्याकडे बघावं.

आत्याने समोरचा माईक चालू केला. खोलीभर तिचा आवाज भरला, रागाचा नाही, थकलेल्या माणसाला हाक मारावी तसा. "राहू दे, बाबा. तुझा ताल बरोबर आहे. कीबोर्ड मी बदललाय."

तो दचकला नाही, पळालाही नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिला. माणसं जेवून परत आली तेव्हा तो तिथेच होता, आणि मालकीणबाई पायऱ्या उतरून त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"का?" त्यांनी विचारलं. एवढा एकच शब्द.

"शेवटचा भाग नाहीये त्यात," कानसेन म्हणाला. "कधीच नव्हता. गुरुजी शेवटच्या पदावर आले, मी डोळे मिटले. रेकॉर्डिंगचं कार्ड भरलं होतं, दिवा लाल लागला असणार, मी पाहिलाच नाही. डोळे उघडले तेव्हा ते हात जोडून उठत होते. ज्या कामासाठी मला तिथे बसवलं, ते सोडून मी ऐकत बसलो." त्याने तळव्याने चेहरा पुसला. "सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी त्यांची शस्त्रक्रिया झाली. मग कोणाला सांगू? आणि काय सांगू?"

"आणि ताई तिथवर पोचत आली होती," आत्या म्हणाली.

"रोज एकेक कडवं पुढे जात होती. मला वरून दिसायचं. वीज गेली त्या दिवशीच करणार होतो, पण जमलं नाही. का जमलं नाही तेही कळलं नाही. काल जमलं." त्याने पहिल्यांदाच ताईकडे पाहिलं. "मला वाटलं, यंत्र बिघडलं म्हणतील. तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"पण आलं तेव्हा गप्प बसलास," ताई म्हणाली. "पाणी आणून देत होतास सगळ्यांना."

त्याने खिशातून एक छोटी डिस्क काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "हीच ती प्रतींची डिस्क, दुरुस्तीला गेलीच नव्हती. सगळं आहे यात. तुझं लिखाणही. माझ्याने टाकून देववलं नाही."

भाऊजींनी इतका वेळ श्वास धरून ठेवला होता तो सोडला. "म्हणजे माझी डुलकी खरी ठरली."

"तुम्ही आकडे बरोबर दाबलेत आणि दार उघडलं नाही," आत्या म्हणाली. "याहून चांगला दाखला कोणाला मिळतो?"

मालकीणबाई ताईकडे वळल्या. सुनावताना आवाज जेवढा मोठा होता, तेवढ्याच मोठ्याने आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी चुकले. विचारायच्या आधी ठरवून मोकळी झाले. तू घरी जायचं नाहीस. आणि हा तुझा आरशाचा कीबोर्ड लपवायचाही नाही. कोणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव."

"मी, शिकू शकतो का, तो?" स्वल्पविरामने विचारलं. "माझाही, डावा, बरा चालतो."

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. गुरुजी आले होते.

८

त्यांना सगळं कानसेननेच सांगायचं, असं मालकीणबाईंनी ठरवलं. त्याने सांगितलं, काही न लपवता, उभ्याने. गुरुजी गळ्याला मफलर गुंडाळून ऐकत होते. डोळे मिटल्याचा भाग आला तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं रडताहेत. ते हसत होते, आवाजाशिवाय.

"अरे," ते कुजबुजले, आणि सगळे पुढे झुकले, "जन्मभर मी म्हणतोय डोळे मिटून ऐका. एकाने ऐकलं, तर त्याची ही दशा." मग हसू ओसरलं. "माझं जे गेलं, ते मी तुला सोडलं. हिचं तू काय घेतलंस, त्याचं हिच्याशी बघ. ते मला सोडता येत नाही."

कानसेनने ताईसमोर हात जोडले. ती म्हणाली, "त्या दोन हातांनी माईक लाव, आणि बस वर तुझ्या खोलीत. डोळे उघडे ठेवून. आज कार्डाकडे बघायचंय तुला."

तो जवळजवळ धावतच पायऱ्या चढला.

ताईने तिची छोटी फाईल पुन्हा लागू केली. आरसा जागा झाला. गुरुजी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि राहिलेला शेवटचा भाग सांगायला लागले. वाऱ्यावर पान सरकावं एवढाच आवाज. माईकला तो पुरेना, कानसेनने वरून मान हलवली. पण ताई त्यांच्या ओठांपाशी कान नेऊन बसली होती आणि तिचा डावा हात चालला होता, न अडखळता, कालच्यापेक्षा, परवापेक्षा, आजवरच्या कुठल्याही दिवसापेक्षा वेगाने. मालकीणबाई तिच्या मागे उभ्या राहून पडद्यावर उमटणारी अक्षरं वाचत होत्या. वेगाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नुसतं पदराने नाक पुसलं.

शेवटच्या पदापाशी गुरुजी थांबले.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"आता गा."

"मी?" ताई गोंधळली. "गुरुजी, मला कुठे येतं?"

"एवढे दिवस माझं ऐकतेयस. श्वास कुठे घेतो तेसुद्धा लिहिलंयस म्हणे. चाल पहिल्या पदाचीच आहे, ती तुझ्याइतकी कोणाला ठाऊक आहे आता?" त्यांनी काठी दोन पायांमध्ये रोवली आणि तिच्या मुठीवर बोटांनी ठेका धरला. "पुस्तकात शब्द राहतील. चाल कोणाच्या तरी गळ्यातच ठेवावी लागते."

ताईने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान डोलावली. काचेमागे कानसेनचे डोळे सताड उघडे होते.

तिने सुरुवात केली तेव्हा आवाज कापत होता. पहिली ओळ कशीबशी पार पडली.

"दार तुझे उघडेच होते, मीच उभा राहिलो।"

गुरुजींनी हात वर केला, म्हणजे पुन्हा. दुसऱ्यांदा सूर जागेवर लागला. तिसऱ्यांदा आत्या मिसळली, मग मालकीणबाई, मग भाऊजी, त्यांचा आवाज अनपेक्षितपणे गोड होता. स्वल्पविराम एकही विराम न घेता अख्खी ओळ म्हणून गेला. खालच्या दुकानातला रंग कालवायचा आवाज थांबला आणि कोणीतरी जिन्याशी येऊन उभं राहिलं.

ताईने पुढची ओळ घेतली, वरच्या पट्टीत, आणि गुरुजी ओठ हलवत तिच्याबरोबर निघाले.